वारशाच्या सामानात जुने रिव्हॉल्वर सापडले तर: ओळख पटवण्यापासून कागदपत्रांपर्यंत

नाशिकच्या जुन्या भागातले वाडे एकामागून एक विकसकांकडे जात आहेत आणि वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या ट्रंकांतून काय निघेल याचा नेम राहिलेला नाही. पंचवटीतला आमच्या आजोबांचा वाडा उतरवण्याआधी आम्ही भावंडांनी माळा आवरला, तेव्हा दोन पितळी समया, एक घंगाळ, शेतसाऱ्याच्या पावत्यांचे गठ्ठे आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले, तळहातापेक्षा थोडेच मोठे असे एक रिव्हॉल्वर हाती आले. आजोबांना जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि घरात त्याविषयी नेमकी माहिती असलेले कोणीही हयात नव्हते. पुढचे सात-आठ महिने मी पोलीस ठाणे, परवाना शाखा, परवानाधारक शस्त्रविक्रेता आणि जुन्या शस्त्रांचे जाणकार यांच्याकडे फेऱ्या मारल्या. ज्यांच्या घरी असे काही निघेल त्यांचा गोंधळ कमी व्हावा, म्हणून त्या फेऱ्यांत जे कळले ते क्रमाने लिहीत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगते. शस्त्र ओळखण्यासाठी ते चालवून पाहावे लागत नाही, उघडावे लागत नाही, घासूनपुसून चकचकीतही करावे लागत नाही. ओळख पटते ती पाहण्याने, मोजण्याने आणि शिक्के वाचण्याने, आणि ही तिन्ही कामे चांगल्या छायाचित्रांवरून होतात.

१. हात लावण्याआधी

सापडलेले प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे धरूनच चालावे. शंभर-सव्वाशे वर्षांच्या वस्तूत आता काय उरले असणार, असे आपल्याला सहज वाटते. पण कोरड्या जागी राहिलेली काळी दारू पिढ्यानपिढ्या जिवंत राहते, आणि जुन्या काडतुसांचा भरवसा नसतो तो दोन्ही बाजूंनी, म्हणजे ती उडणारच नाहीत असेही सांगता येत नाही. चाप ओढू नये, घोडा, म्हणजे मागचा ठोका मारणारा भाग, मागे खेचून पाहू नये, काडतुसांची चक्री फिरवू नये आणि नळीत डोकावून तर मुळीच पाहू नये. घोडा आधीच मागे खेचलेल्या स्थितीत असेल तर तो हळूच खाली सोडण्याचा प्रयत्नही करू नये. वस्तू जिथे सापडली तिथेच राहू द्यावी, खोलीला कुलूप घालावे आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

शस्त्र न हलवता बाजूने नजर टाकली, तरी काही गोष्टी समजतात. चक्रीची मागची कड आणि सांगाडा यांच्यामधल्या फटीत पितळी कडा दिसत असतील तर आत काडतुसे किंवा निदान रिकामी टरफले आहेत. चक्रीच्या मागे लहान बोंडे असतील आणि त्यांच्यावर तांब्याच्या टोप्या बसलेल्या दिसत असतील, तर ते टोपीचे, म्हणजे ठासणीचे रिव्हॉल्वर असून भरलेले असण्याची दाट शक्यता आहे. मात्र काहीच दिसले नाही म्हणून ते रिकामे आहे असा निष्कर्ष काढू नये.

२. आधी ट्रंकेतले कागद शोधा

पोलिसांकडे जाण्यापूर्वी अर्धा दिवस कागदांना द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून परवान्याची पद्धत आहे, त्यामुळे आजोबा-पणजोबांनी शस्त्र रीतसर बाळगले असेल तर त्याचा माग कुठे ना कुठे असतोच. परवान्याचे पुस्तक, नूतनीकरणाची चलने, शस्त्र जमा केल्याची पावती, काडतुसे घेतल्याची बिले, निवृत्तीच्या वेळचा एखादा पत्रव्यवहार, जुने मृत्युपत्र, यांपैकी काहीही उपयोगी पडते. आमचे आजोबा वनखात्यात होते. त्यांच्या परवान्याचे पुस्तक आम्हाला रिव्हॉल्वरच्या ट्रंकेत सापडले नाही. ते निघाले देवघराच्या फडताळातून, पंचांगांच्या चळतीखालून. त्यात शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीच्या आतल्या पोकळीचे माप) आणि क्रमांक शाईने लिहिलेला होता आणि त्या एका ओळीने पुढचे निम्मे काम सोपे केले.

३. पोलिसांना लेखी कळवा, शस्त्र घेऊन निघू नका

ही पायरी टाळण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण पोलिसांचे नाव निघाले की घरातली वडीलधारी मंडळी धास्तावतात. पण शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगता येत नाही, आणि परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याचा परवाना आपोआप वारसांचा होत नाही. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार, ज्याच्या ताब्यातले शस्त्र बाळगणे आता कायदेशीर राहिलेले नाही, त्याने ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. कायद्याने ठेवलेला हा सरळ मार्ग आहे आणि सापडल्याबरोबर स्वतःहून कळवणाऱ्याची बाजू भक्कम राहते. गप्प बसून वर्षभराने कोणाच्या तरी तक्रारीवरून ते उघडकीस आले, तर कलम २५ खाली दोन ते पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज द्यावा. कोणती वस्तू, कोणत्या तारखेला, कोणाच्या सामानात, कोणाच्या समक्ष सापडली आणि ती सध्या कुठे कुलूपबंद आहे, एवढे लिहिले की पुरे. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यावी आणि स्टेशन डायरीत नोंद झाल्याची खात्री करावी. शस्त्र पिशवीत घालून दुचाकीवरून ठाण्यात नेऊ नये. रस्त्यात नाकाबंदीला पिशवी उघडली गेली, तर तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी परवान्याविना शस्त्र बाळगून फिरणारी व्यक्ती म्हणूनच तुमच्याकडे पाहिले जाईल. कर्मचाऱ्याला घरी पाठवण्याची विनंती करावी. काडतुसेही सापडली असतील आणि ती हिरवट पडलेली किंवा फुगलेली असतील, तर फोनवरच तसे सांगावे. रात्री-अपरात्री भीती वाटण्यासारखी स्थिती असेल तर ११२ हा क्रमांक आहेच.

आमच्याकडे आलेल्या हवालदारांनी पंचांसमक्ष शस्त्र तपासले, चक्री रिकामी असल्याची खात्री केली आणि ते ओट्यावर पांढऱ्या कापडावर ठेवले. पंचनामा लिहून होईपर्यंत जो वेळ मिळाला, त्यात त्यांच्या परवानगीने मी छायाचित्रे काढली. हाच वेळ तुम्हीही मागून घ्यावा, कारण शस्त्र एकदा मुद्देमालाच्या खोलीत गेले की ते पुन्हा पाहायला मिळणे अवघड असते. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजू, वरची कड, मुठीचा तळ आणि चक्रीचा घेर यांची छायाचित्रे घ्यावीत. शिक्क्यांसाठी खोलीतला दिवा मालवून मोबाइलच्या विजेरीचा उजेड अगदी तिरका पाडावा. समोरून पाडलेल्या उजेडात जे ठसे सपाट दिसतात, ते तिरक्या उजेडात उठून येतात.

४. रिव्हॉल्वरच आहे ना, हे ठरवा

बोलताना आपण प्रत्येक लहान बंदुकीला रिव्हॉल्वर म्हणतो. रिव्हॉल्वरला फिरणारी चक्री असते आणि तिच्यात पाच-सहा घरे असतात. पिस्तुलात काडतुसांची पट्टी बहुधा मुठीत सरकवलेली असते किंवा एकेक गोळी भरावी लागते. हा फरक नाशिककरांना तरी परका असू नये. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून, आणि ते लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. तरीही गप्पांत त्याचा उल्लेख सर्रास रिव्हॉल्वर असा होतो. अर्जात आणि पंचनाम्यात चुकीचा शब्द गेला, तर जुन्या परवान्यातील नोंदीशी मेळ बसत नाही आणि तो दुरुस्त करून घेण्यात महिने जातात.

५. दारू पेटवण्याची रीत पाहा, काळ तिथूनच कळतो

जुन्या रिव्हॉल्वरचे वय ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा पहिला प्रश्न म्हणजे, त्यात गोळी पेटत कशी असे? सॅम्युएल कोल्ट यांनी १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले, ते टोपीच्या रिव्हॉल्वरचे. यात चक्रीच्या प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या बोंडावर स्फोटक टोपी चढवायची. नळीखाली ठासणीचा दांडा आणि चक्रीमागे बोंडे दिसली, तर वस्तू याच पद्धतीची आहे. लंडनमध्ये १८५१ च्या महाप्रदर्शनात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांचे रिव्हॉल्वर मांडले गेले, त्यात घोडा हाताने न खेचता नुसत्या चापाने गोळी सुटत असे. पुढे १८५६ मध्ये ब्युमाँट यांच्या सुधारणेने दोन्ही रीती एकाच शस्त्रात आल्या. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांपाशी कोल्ट, अ‍ॅडम्स आणि बर्मिंगहॅमच्या ट्रँटर यांची अशी शस्त्रे असत.

यानंतरची पायरी पिनच्या काडतुसाची. फ्रान्सच्या लफोशो घराण्याचे १८५४ चे रिव्हॉल्वर हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. चक्रीच्या मागच्या कडेला प्रत्येक घरापाशी एकेक बारीक खाच दिसली, तर ती काडतुसातून बाहेर येणाऱ्या पिनेसाठी आहे. त्यापुढे आली धातूच्या टरफलाची काडतुसे, आधी कडेवर ठोका बसणारी आणि मग मध्यभागी ठोका बसणारी. आजची बहुतेक काडतुसे या शेवटच्या प्रकारची आहेत, आणि म्हणूनच मध्यभागी ठोका बसणारे रिव्हॉल्वर दिसायला कितीही जुने असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहिले जाते.

६. सांगाडा आणि उघडण्याची पद्धत

कोल्टच्या सुरुवातीच्या रिव्हॉल्वरना चक्रीच्या वरून जाणारी पट्टी नसते, तर अ‍ॅडम्सच्या शस्त्राचा सांगाडा चारही बाजूंनी बंद असतो. काही शस्त्रांत चक्रीच्या उजव्या बाजूला एक झडप असते आणि तिच्यातून एकेक काडतूस भरावे लागते. वेब्ली या इंग्रज कंपनीची लष्करी रिव्हॉल्वर वरचा खटका दाबला की मधोमध मोडल्यासारखी पुढे झुकतात आणि टरफले आपोआप वर येतात. ब्रिटिश सैन्याने वेब्लीचे पहिले रूप १८८७ मध्ये स्वीकारले आणि सहावे १९१५ मध्ये. या सहाव्याची नळी सहा इंचांची आणि मूठ खाली चौकोनी, तर आधीच्यांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली. १९३२ मध्ये आलेले एन्फील्डचे .३८ बोअरचे रिव्हॉल्वर वेब्लीचे धाकटे भावंड वाटावे असे दिसते. त्याच्या एका प्रकारात घोड्याला अंगठ्याने खेचायचे टोक मुद्दामच ठेवलेले नव्हते, तेव्हा ते नाही म्हणून घोडा तुटलेला आहे असे लिहून देऊ नये.

येथे एक इशारा द्यायला हवा. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले .३२ चे रिव्हॉल्वरही वेब्लीच्याच धर्तीवर मधोमध मोडते. गंज चढलेले असले तर ते साहेबाच्या काळातले वाटते, पण ते स्वातंत्र्योत्तर भारतीय बनावटीचे असते.

७. शिक्के वाचा

खरा उलगडा शिक्क्यांत होतो आणि या पायरीला जितका वेळ द्याल तितका थोडा आहे. युरोपात बंदूक विक्रीला जाण्याआधी सरकारमान्य चाचणीगृहात जास्त दारू भरून ती उडवून पाहत आणि टिकली तर तिच्यावर ठसा मारत. ते ठसे म्हणजे त्या शस्त्राचा जन्मदाखला. ते सहसा नळीवर, चक्रीवर आणि सांगाड्याच्या खालच्या बाजूला असतात. इंग्रजी बनावटीत चक्रीच्या प्रत्येक घरापाशी ठसा सापडतो.

बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये सुरू झाले. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत बी, पी, सी ही अक्षरे असा ठसा असेल, तर शस्त्र १९०४ पूर्वी तपासले गेले. मुकुटाखाली नुसते बी. पी. किंवा बी. व्ही. आणि सोबत एन. पी. अशी अक्षरे असतील, तर ते १९०४ नंतरचे. एन. पी. म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी चाचणी झाल्याची खूण. लंडनच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात.

बेल्जियममधल्या लिएज शहराचा ठसा भारतीय घरांतल्या शस्त्रांवर वारंवार दिसतो. लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरे आणि त्यांच्याखाली लहान तारा. १८९३ मध्ये या लंबवर्तुळावर मुकुट आला. म्हणजे मुकुट नसेल तर शस्त्र त्याआधीचे, असेल तर त्यानंतरचे. मुकुटाखाली एकच अक्षर दिसले, तर ती तपासनिसाची खूण आहे. तिला कारखान्याच्या नावाचे आद्याक्षर समजू नये.

सरकारी मालकीची खूण वेगळी. तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारचा माल, आणि त्या बाणासोबत आय हे अक्षर असेल तर हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर मारलेले असतील, तर शस्त्र सेवेतून रीतसर विकून टाकलेले आहे. ही खूण सापडली तर तिचे छायाचित्र जपून ठेवा, कारण देवळालीसारख्या छावणीच्या आसपासच्या घरांत सापडलेल्या शस्त्राबाबत ते लष्कराकडून कसे आले हा प्रश्न हमखास विचारला जातो. इंग्रज अधिकारी आपले रिव्हॉल्वर बऱ्याचदा स्वतःच्या पैशाने विकत घेत, त्यामुळे बाणाची खूण नसलेले वेब्लीही खरेच असू शकते.

शेवटी क्रमांक. सांगाडा, चक्री आणि नळी या तिन्हींवरचे क्रमांक वेगवेगळे नोंदवा. ते जुळत असतील तर शस्त्र मूळ रूपात आहे, जुळत नसतील तर कधी तरी सुटे भाग बदलले गेले आहेत. हाच क्रमांक परवान्याच्या पुस्तकाशी ताडून पाहायचा असतो.

८. फसवणाऱ्या गोष्टी

पहिली फसवणूक घरातल्या कथांची. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जात असे की, हे शस्त्र पणजोबांना १८५७ च्या धामधुमीत एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून मिळाले. प्रत्यक्षात ते आखूड नळीचे, पाच घरांचे, गोल मुठीचे .३२० चे रिव्हॉल्वर निघाले. त्याच्या वरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘ब्रिटिश बुलडॉग’ असे स्पष्ट कोरलेले आहे, म्हणून थोरले काका ते इंग्रजीच मानत राहिले. पण बुलडॉग हा नमुना वेब्लीने १८७२ मध्ये बाजारात आणला आणि बेल्जियमच्या कारागिरांनी त्याच्या असंख्य नकला त्याच नावाने विकल्या. आमच्या रिव्हॉल्वरच्या चक्रीवर लंबवर्तुळ आहे आणि त्यावर मुकुट आहे. म्हणजे ते लिएजचे आणि १८९३ नंतरचे. काकांना हे सांगताना मला वाईट वाटले, पण खोट्या कथेच्या आधारावर अर्ज करणे त्याहून वाईट ठरले असते.

दुसरी फसवणूक नावांची. पट्टीवर कोरलेले नाव पुष्कळदा बनवणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असते. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा या पेढ्या, तसेच मुंबईत १८९१ पासून दुकान असलेली आर्मी अँड नेव्ही सोसायटी, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या शस्त्रांवर स्वतःची नावे कोरून घेत. विकणाऱ्याचे नाव इतिहासासाठी मोलाचे आहे, कारण शस्त्र कोणत्या वाटेने आले ते त्यावरून कळते. अर्जातल्या उत्पादकाच्या रकान्यात मात्र ते लिहू नये.

तिसरी आकड्यांची. पेटंटचे वर्ष म्हणजे घडणीचे वर्ष नव्हे, आणि पेटंटचा क्रमांक म्हणजे शस्त्राचा क्रमांक नव्हे. जुन्या इंग्रजी शस्त्रांसोबत येणारा ५४ हा आकडाही वर्षाचा नाही. एक पौंड शिशाच्या ५४ समान गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ते ५४ बोअर, म्हणजे सुमारे .४४२ इंच.

चौथी नकलांची. सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेल येथील कारागीर ब्रिटिश शस्त्रांच्या हुबेहूब नकला हाताने घडवत आले आहेत. इंग्रजी अक्षरे उलटी कोरलेली असणे, नावातले एखादे अक्षर गळणे, ठसा खोल पण वेडावाकडा असणे, ही त्यांची लक्षणे. अशा नकलांच्या पोलादाची परीक्षा झालेली नसते, म्हणून त्या अधिक धोकादायक.

पाचवी आपल्याच हाताची. पोलिसांना कळवण्याआधीच्या एका दुपारी माझ्या चुलतभावाने गंज काढण्यासाठी नळीच्या डाव्या बाजूला पॉलिश पेपर फिरवला आणि वर खोबरेल तेल चोळले. दहा मिनिटांत तिथला धातू स्टीलच्या चमच्यासारखा उजळला आणि त्या जागी असलेल्या ठशाची फक्त खालची कमान उरली. चक्रीवरचा ठसा वाचला म्हणून ओळख पटली. तोही गेला असता तर हे शस्त्र आम्हाला कधीच नीट कळले नसते. शिवाय क्रमांक घासलेला दिसला, तर तो मुद्दाम पुसला असा संशय येतो. गंज तसाच राहू द्यावा. जुन्या कातडी म्यानातही शस्त्र परत घालू नये. कमावलेल्या कातड्यातल्या द्रव्यांमुळे आणि आपल्या पावसाळी दमटपणामुळे त्यातच गंज वेगाने वाढतो.

सहावी छायाचित्रांची. ती कुटुंबाच्या ग्रुपवर किंवा समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हातात शस्त्र धरून तर कधीच नाही. आणि किंमत काढून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला घराचा पत्ता देऊ नये.

९. जुने म्हणजे परवानामुक्त नव्हे

या विषयात सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहे. शंभर वर्षे झाली की परवाना लागत नाही, असे मला चार वेगवेगळ्या लोकांनी छातीठोकपणे सांगितले. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे हे खरे, पण त्याला जोडलेली अट पुरती वाचावी: ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे बंदूक म्हणून वापरण्यास अक्षम असले पाहिजे. एखादी स्प्रिंग बदलून जे चालू होईल, ते या सुटीत बसत नाही. आणि ते अक्षम आहे हे आपण ठरवायचे नसते. त्यासाठी पोलिसांमार्फत तज्ज्ञाचा अभिप्राय घेतला जातो. नाशिकमध्येच प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. आमच्या रिव्हॉल्वरचा घोडा अडकलेला होता, पण दुरुस्तीने ते चालू शकते असा अभिप्राय आला आणि सुटीचा मार्ग बंद झाला.

दुसरे, बोअर. .३८० किंवा .४५५ ची रिम (मागे बाहेर आलेली कड) असलेली काडतुसे घेणारी रिव्हॉल्वर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, त्यामुळे लष्करी वेब्ली सापडले असेल तर प्रकरण स्थानिक पातळीवर संपत नाही, ते केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जाते. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्राची शिक्षाही पुष्कळ कठोर, सात ते चौदा वर्षांची आहे.

तिसरे, शंभर वर्षांवरील वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या लिलावात चांगली किंमत येईल म्हणून नातेवाइकांच्या सामानातून ती पाठवण्याचा विचारही मनात आणू नये.

१०. पुढचा मार्ग आणि कागदपत्रे

शस्त्र ही जंगम मालमत्ता आहे आणि तिची मालकी वारसांकडे येते, परंतु ताबा परवान्याशिवाय मिळत नाही. हा भेद समजला की पर्याय स्पष्ट होतात. वारसांपैकी एकाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. ते परवानाधारक विक्रेत्यामार्फत परवाना असलेल्या व्यक्तीला विकता येते. किंवा सरकारजमा करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारसाहक्काने येणारे शस्त्रही त्याच मर्यादेत मोजले जाते, म्हणून ज्या भावाकडे आधीच दोन आहेत त्याच्या नावाचा आग्रह धरू नये.

नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे पंचवटी, सातपूर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प या भागांत, परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त आहेत. निफाड, सिन्नर, येवला, इगतपुरी अशा ग्रामीण भागांत राहणाऱ्यांनी जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. शस्त्र कुठे सापडले यापेक्षा अर्जदार कुठे राहतो ते पाहिले जाते, हे आम्हाला उशिरा कळले आणि एक फेरी वाया गेली.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

- मूळ परवाना किंवा त्याची मिळेल ती प्रत
- परवानाधारकाचा मृत्यू दाखला
- वारस असल्याचा पुरावा आणि इतर सर्व वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे
- पोलीस ठाण्यातल्या अर्जाची पोच, पंचनाम्याची प्रत आणि शस्त्र जमा केल्याची पावती
- अर्जदाराचा ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे
- विहित नमुन्यातले वैद्यकीय प्रमाणपत्र
- शस्त्राच्या वर्णनाचा एक पानी कागद: प्रकार, घरांची संख्या, नळीची लांबी, बोअर, सर्व क्रमांक आणि शिक्क्यांचे वर्णन

शेवटचा कागद कोणी मागत नाही, पण तो मी तुम्हाला आवर्जून करायला सांगेन. आमच्या पंचनाम्यात ‘जुने गंजलेले रिव्हॉल्वर, इंग्रजी अक्षरे असलेले’ एवढेच लिहिले गेले होते आणि परवान्याच्या पुस्तकातील क्रमांकाचा शेवटचा आकडा शाई पसरल्याने एक आहे की सात, ते समजत नव्हते. परवाना शाखेतल्या लिपिकबाईंनी अर्ज बाजूला ठेवला होता. मी तिरक्या उजेडातले सांगाड्यावरचे आणि चक्रीवरचे क्रमांक मोठे करून त्या वर्णनाच्या पानावर चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून दोन्ही पाहिले, पुस्तकातल्या आकड्यावर बोट ठेवून ‘सात आहे’ असे म्हटले आणि अर्जावर आवक क्रमांक टाकला.